रिकामा डबा परत करायचा नसतो

"तू बोललीस. एवढंच कबूल कर. बोललीस की नाही?"

"बोलले. तोंड दिलंय अल्लाने, बोलते. मुकी बायको हवी होती तर निकाहाच्या आधीच सांगायचं होतं तुमच्या अम्माने."

"मरियम, मस्करी नको."

"मी कुठे मस्करी करतेय? तुम्ही मंगळवारी सुट्टी टाकून खोर फक्कानच्या बंदरातून इथवर माझ्याशी भांडायला आलात, ही मस्करी आहे!"

"ऐक. व्हॅनभर डबे होते वासिफच्या. टॉवरच्या तळघरात सिक्युरिटीने त्याला थांबवलं आणि एकच डबा उघडला. कुणाचा? वकीलसाहेबांचा. कप्पे काढून फरशीवर मांडले, फोटो काढले. भाकरीसुद्धा उलटून बघितली."

"बघू दे. माझ्या भाकरीला दोन्ही बाजूंनी पदर सुटलेला असतो."

"आणि मग त्याने वासिफला काय विचारलं? 'वापस जाते वक्त इसमें क्या जाता है?' डब्यातून काय येतंय ते त्याच्या नाकाला कळत होतंच. परत काय जातं ते विचारलं त्याने. हे त्याच्या डोक्यात कोणी घातलं?"

"काय जातं? चणे जातात. लाडू जातात. खजूर जातात."

"काय जातं ते मला माहीत आहे! कोणी सांगितलं ते विचारतोय!"

"मी तारीफ केली होती, झालं? एका भल्या माणसाची दुसऱ्या माणसाजवळ तारीफ केली. तारीफ करणं पण हराम झालं का आता?"

"दुसरा माणूस कोण?"

यावर मरियमबींनी गॅस मोठा केला आणि कढईत कांदा सोडला. त्यांच्या घरात एखादा विषय संपवायचा तो असा. चरचराटात कुणाचंच काही ऐकू येत नाही.

मरियमबी रायगडच्या, श्रीवर्धनजवळच्या एका खाडीकाठच्या गावच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा अलीमियाँ बंदरात कंटेनर मोजायचे. आता त्याच बंदरात क्रेनवर फोरमन आहेत आणि शनिवार-रविवार घरी येतात. मधले पाच दिवस शारजाच्या अल नहदातल्या दोन खोल्यांत राज्य मरियमबींचं. तिथे पहाटे तांदळाच्या भाकऱ्या पडायला लागतात, सुरमईचं कालवण उकळतं, आणि अकरा वाजता बहिणीचा मुलगा वासिफ व्हॅन भरून दुबईकडे निघतो. आम्ही जुमेरा लेक टॉवर्समधली ऑफिसात बसणारी मंडळी त्या व्हॅनची वाट बघत असायचो. बारा ते एक या वेळात आमच्या मजल्यावर कुणीही कुणाला मीटिंगला बोलवायचं नाही, हा अलिखित करार होता.

मरियमबी बोलायच्या म्हणजे नक्कल करायच्या. नवऱ्याची, गिऱ्हाइकांची, टॉवरच्या वॉचमनची. एकदा त्यांनी आमच्या फायनान्सच्या बाईंची नक्कल फोनवर केली होती, नुसत्या आवाजात. आणि बाई तेवढ्यात मागे येऊन उभ्या राहिल्या तरी मला हसू आवरेना. पुढचं जे सगळं मला माहीत आहे ते त्यांच्या तोंडून, त्यांच्याच आवाजांत. त्यांची मुलगी झारा मध्येमध्ये दुरुस्ती करायची, "अम्मी, ही डिडन्ट से दॅट," आणि अम्मी म्हणायच्या, "म्हणाला नसेल, पण म्हणायचं होतं त्याला."

त्यांचा एक नियम होता, गावाहून आणलेला. शेजारणीकडून भांडं आलं की ते रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर चार मिठाचे खडे. रिकामं भांडं परत जातं ते भांडण झालेल्या घरून. आम्हाला अर्थात हे लागू नव्हतं, आम्ही पैसे मोजून जेवत होतो. "पंधरा दिरहम घेते मी, म्हणजे झाले साडेतीनशे रुपये," त्या म्हणायच्या, "साडेतीनशे रुपयांत डबा धुवून देत नाहीत शिकलेली माणसं. कालवण वाळून त्याचं सिमेंट होतं. त्याच्यावर टॉवर बांधा म्हणावं आणखी एक."

या सगळ्यात अपवाद एक. सत्यजित देवस्थळी. आमच्याच टॉवरमध्ये, एका ठेकेदार कंपनीत कायदा अधिकारी. पंचावन्नच्या आसपासचे, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बायको पुण्यात, आजारी सासूपाशी. मुंबईत असताना लाल बावट्याचे वकील. गोदीतल्या बदली कामगारांच्या केसेस, संपात उचललेल्या पोरांचे जामीन. मधली तीन वर्षं कामगार न्यायालयात सरकारी वकील झाले, तेव्हा जुने मित्र म्हणाले, विकला गेला. आणि सरकारातले म्हणायचे, हा आपला नाही. तीन वर्षांनी एका केसमध्ये "हे मी कोर्टापुढे बोलणार नाही" म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि घरी गेले. मग इथे. इथेही तेच, दिवसा मालकाच्या खुर्चीत बसून मालकाचे करार लिहायचे, आणि रविवारी मुहैस्नाहला मजुरांच्या वस्तीत जाऊन, त्या करारात काय लिहिलंय ते मजुरांना समजावून सांगायचं.

"वकीलसाहेब, म्हणजे चोराला शिडी पण तुमचीच आणि कुत्र्याला जागं करणारे पण तुम्हीच?" मरियमबींनी एकदा फोनवर विचारलं होतं.

"आपा, शिडीचा पगार मिळतो. कुत्र्याचं काम फुकट आहे."

"आणि त्या जागेला सोनापूर म्हणतात ना सगळे? मुंबईत सोनापूर म्हणजे मसण."

"ज्याने नाव ठेवलं तो मुंबईचाच असणार. जाणकार माणूस."

रविवारी वकीलसाहेब वासिफकडून मोठा डबा घ्यायचे. एकट्याचं जेवण नव्हतं ते, दोन्ही बाजूंना कळत होतं. मरियमबी पैसे एकाचेच घ्यायच्या आणि भाकऱ्या मात्र टोपलीभर द्यायच्या. तो डबा सोमवारी परत यायचा तो कधीच रिकामा नसायचा. गावाहून आलेल्या कुणीतरी दिलेला राजगिऱ्याचा लाडू. मूठभर भाजलेले चणे. एकदा तीळ, एकदा नुसत्या चिंचा. विदर्भातली, मराठवाड्यातली पोरं होती ती. त्यांनाही कुणीतरी लहानपणी तेच सांगितलं होतं. डबा मरियमबींच्या हातात आला की त्या आधी झाकण उघडायच्या, मग हसायच्या, मग झाराला हाक मारायच्या. सोमवारची दुपार त्यांची ईद होती.

आता फहद. थोरला मुलगा, जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, गाव पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत. इंजिनिअर झाला. चोवीस वर्षांचा. मुलाला पंचविसावं पूर्ण झालं की वडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही; स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा लागतो. नोकरी मिळाली होती, चांगली होती. पण पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि नव्या पासपोर्टसाठी गावाकडून जो पोलीस-चौकशीचा कागद यायचा तो येत नव्हता. का येत नव्हता ते कुणी सांगेना. अलीमियाँचा भाऊ गावी खेटे घालून थकला. "फहद नावाचा कुणी दुसरा आहे म्हणे कुठल्या जिल्ह्यात," एवढंच एकदा एका हवालदाराने सांगितलं. पासपोर्ट नाही म्हणजे व्हिसा नाही, नोकरी नाही, आणि वाढदिवसानंतर घरही नाही. या घराचा सगळा जीव त्या एका कागदात अडकला होता.

वकीलसाहेबांनीच फहदला अर्ज लिहून दिला. दोन वेळा त्याच्यासोबत ऑफिसात बसले, मुद्दे काढले, कुठल्या कलमाखाली माहिती मागायची ते शिकवलं. "वेळ लागेल," ते मरियमबींना फोनवर म्हणाले, "पण त्यांना उत्तर द्यावंच लागेल."

"किती वेळ?"

"आपा, मी वकील आहे. ज्योतिषी असतो तर जास्त कमावलं असतं."

आणि मग उल्हास आले. आडनाव सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाचा हवाला देऊन एका शनिवारी जेवायलाच आले. पन्नाशीचे, गोरेगोमटे, मऊ आवाजाचे, अस्सल पुणेरी मराठी. अलीमियाँ त्या शनिवारी बंदरात जादा पाळीला होते.

"भाभी, असं कालवण मी गोव्यालाही खाल्लं नाही."

"गोव्याला नारळ जास्त, अक्कल कमी. घ्या आणखी."

"नको, नको. बरं, अर्धी वाटी. गिऱ्हाईक सगळं आपलंच असेल ना? मराठी?"

"मराठी, मल्याळी, एक लेबनानची बाई पण आहे. तिला भाकरी पिझ्झासारखी कापून खायची असते. खा बाई."

"आणि डबे परत येतात वेळेवर?"

इथे मरियमबींची जीभ सैल सुटली. हा प्रश्न त्यांना दुबईतल्या कुणीही विचारला नव्हता. त्यांनी सिमेंट झालेलं कालवण सांगितलं, हरवलेली झाकणं सांगितली, फायनान्सच्या बाईंची नक्कल केली. उल्हास पोट धरून हसले.

"पण एक माणूस बघा. एकच. आजवर माझा डबा रिकामा परत पाठवला नाही त्याने. दर सोमवारी डब्यात काही ना काही असतंच. ही खानदानी रीत. मी झाराला सांगते, शीक, बामण असून आपली रीत पाळतो."

"अरे वा. कोण हो हा भला माणूस?"

"देवस्थळी वकील."

"अस्सं. आणि कायकाय पाठवतात?"

"लाडू, चणे, काय असेल ते. त्यांचं नसतं हो ते, ते कुठले लाडू वळतायत! सोनापूरची पोरं देतात डबा परत भरून."

"म्हणजे डबा तिकडे जातो. आणि तिकडून भरून येतो."

"हो ना!" मरियमबी म्हणाल्या. एवढं नीट ऐकून घेणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

उल्हासांनी आणखी एक भाकरी घेतली.

हा भाग सांगताना मरियमबी उल्हासांचा आवाज हुबेहूब काढायच्या. "अस्सं" म्हणताना हनुवटी थोडी खाली. पुढच्या भेटीचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी नक्कल केली नाही. सपाट आवाजात सांगितलं, भांड्याच्या तळाकडे बघत.

पुढच्या आठवड्यात ते दुपारी आले, जेवणाची वेळ टळल्यावर. फहद बाहेर गेला होता. पाणीसुद्धा नको म्हणाले.

"फहदचं काम अडलंय ना, भाभी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी सरकारी माणूस. मला सांगायला कुणी लागत नाही."

"इथल्या सरकारचे?"

"आपल्या. आपल्याच." मग हसले. "घाबरू नका. गावाकडचा एक कागद आहे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचाय. मी फोन करतो. होऊन जाईल."

"अल्ला भलं करो तुमचं."

"देवस्थळी रविवारी तिकडे बसतात कुठे?"

मरियमबींना तेव्हा कळलं. त्या अडाणी नव्हत्या. परदेशात मुसलमान बाईच्या दारात आपल्या सरकारचा माणूस दोनदा येतो आणि कालवण खाऊन जातो, तेव्हा तो काय खायला आला होता ते तिला समजायला वेळ लागत नाही. लागला याचंच त्यांना पुढे वाईट वाटत राहिलं.

"वकीलसाहेबांनी काय केलंय?"

"काही नाही हो. केलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? धरलंच असतं. काही केलेलं नाही म्हणून तर लक्ष ठेवावं लागतं."

"मग राहू दे ना."

"मुंबईपासून त्यांची माहिती ठेवतो आम्ही. ते सरकारी नोकरीत होते तेव्हाही ठेवत होतो. मध्येच थांबलो तर मागचं सगळं वाया जातं. आमचंही रोजचं काम असतं भाभी, तुमच्या भाकऱ्यांसारखं."

झारा आतून ओरडली, "अम्मी, व्हेअर्स माय चार्जर?"

"टीव्हीमागे बघ!" मरियमबी ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "असरची नमाज झाली की जातात. बस डेपोमागे एक मलबारी कॅफेटेरिया आहे, बाहेर निळ्या खुर्च्या. तिथे." थोडं थांबून, "मला आणखी काही माहीत नाही."

"बस्स, भाभी. खलास. एवढंच हवं होतं."

त्यानंतर ज्या मंगळवारी वासिफची व्हॅन थांबवली, त्याच मंगळवारी अलीमियाँ आले आणि ते भांडण झालं. मरियमबींनी पहिल्या भेटीतली तारीफ कबूल केली. दुसरी भेट पोटात ठेवली. अलीमियाँना ती कधी सांगितलीच नाही. ते सकाळी परत बंदरावर गेले ते "तुझ्या जिभेला हाड नाही" एवढंच म्हणून. जीभ सैल असण्याचा आरोप मरियमबींनी खाली मान घालून घेतला. खऱ्या आरोपापेक्षा तो हलका होता.

पुढच्या सोमवारपासून वकीलसाहेबांचा डबा रिकामा यायला लागला. घासूनपुसून लख्ख, पण रिकामा. वासिफबरोबर निरोप होता, "आपांना सांग, रागावू नका. तुमच्यावर बालंट यायला नको म्हणून." मरियमबींनी तो डबा ओट्यावर उपडा ठेवला. त्या दिवशी कालवणात मीठ दोनदा पडलं. आम्ही तसंच खाल्लं.

दोन आठवडे गेले आणि वकीलसाहेब स्वतःच आले. गुरुवारची संध्याकाळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरी.

"आपा, येऊ का आत?"

"अहो, विचारता काय! झारा, खुर्ची रिकामी कर. चहा टाकते."

"बिनसाखरेचा. रविवारी निघतोय. कायमचा."

"कायमचा म्हणजे?"

"कंपनीने बोलावलं. मोठ्या अदबीने. म्हणाले, तुमचं काम आम्हाला पसंत आहे, तुमचे रविवार पसंत नाहीत. कॅफेटेरियातला फोटो होता त्यांच्याकडे. मी, सहा पोरं, आणि मध्ये तुमचा डबा. छान आलाय फोटो. भाकरी अगदी ठळक दिसते."

मरियमबींनी चहा गाळला.

"इथल्या लोकांनी काढला?"

"काढला आपल्याकडच्याच कुणीतरी, कंपनीला पोचवला. इथे मजुरांना जमवणं म्हणजे काय ते कंपनीला समजवावं लागत नाही." ते खुर्चीत मागे टेकले. "मला सवय आहे, आपा. सव्विसाव्या वर्षापासून माझ्यामागे माणूस आहे. पहिला कदम नावाचा होता. कोर्टाबाहेर उभा राहून वडापाव खायचा. एक दिवस माझ्याकडेच आला, म्हणाला, साहेब, बहिणीला नवऱ्याने टाकलंय, पोटगीची केस लढाल का?"

"आणि लढलात?"

"लढलो. जिंकलो. पेढे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत माझ्यामागे, वडापाव खात."

झारा हसली. मरियमबी नाही हसल्या.

"मग सरकारी वकील झालो. म्हटलं, आता तरी सुटलो. आता मीच सरकार. तर माझ्या केबिनमध्ये कोण येतं, कोण जातं हे सांगायला माझाच शिपाई नेमला. सरकारचा पगार, सरकारची खुर्ची, सरकारचा शिपाई, आणि संशय सरकारचाच माझ्यावर."

"राग नाही आला तुम्हाला?"

"खूप आला."

"त्या शिपायाचा?"

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "त्याला तीन मुली होत्या," ते म्हणाले. "राग त्याला निवडणाऱ्यांचा. तीन मुली बघूनच निवडलं होतं त्याला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. तो थांबल्यावर वकीलसाहेब मरियमबींकडे वळले.

"इथे कुणी विचारायला आलं होतं का, आपा?"

"माझ्याकडे कोण येतंय विचारायला? मी भाकऱ्या थापणारी बाई."

"हं."

"खरंच सांगते."

"मी कुठे नाही म्हणालो?" ते उठले. "फहदच्या अर्जाचं काय?"

"होईल, इन्शाल्ला."

"होईल," वकीलसाहेब म्हणाले. असं म्हणाले की मरियमबींना ते ऐकून बरं वाटलं नाही. कोर्टात निकाल लागण्याआधी ज्याला निकाल माहीत असतो तसा तो आवाज होता.

"तिकडे गेल्यावर त्रास देतील का तुम्हाला?"

"विमानतळावर बसवतील थोडा वेळ. चहा वाईट असतो तिथला."

त्यांनी झाराच्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. रविवारी रात्री ते मुंबईला पोचले. त्यांना नऊ तास बसवून ठेवलं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि सोडलं. हे आम्हाला त्यांच्या बायकोने कळवलं. एका वाक्यात, पुढे काही नाही.

त्याच आठवड्यात फहदचा पासपोर्ट आला.

घरात आनंद झाला, खोटं कशाला बोला. अलीमियाँनी बंदरात मिठाई वाटली. झाराने भावाचा पासपोर्टसकट फोटो काढला, "डोन्ट स्माइल, इट्स अ गव्हर्नमेंट डॉक्युमेंट." मरियमबींनी सांदणं केली, आमच्या मजल्यापर्यंत आली ती. वाफाळलेली, खोबऱ्याच्या रसात. आम्ही वकीलसाहेबांची आठवण काढत ती खाल्ली. कुठल्या दोन गोष्टी एकत्र गिळत होतो ते आम्हाला माहीत नव्हतं.

व्हिसाच्या मेडिकलसाठी फहदला जायचं होतं त्या दिवशी सकाळी त्याला एक फोन आला. बोलणं अर्ध्या मिनिटाचं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मरियमबींच्या हाताला पीठ होतं.

"अम्मी, उल्हास कोण?"

तव्यावर भाकरी होती. ती त्यांनी उलटली.

"कोण उल्हास?"

"मला फोन आला. काँग्रॅच्युलेशन्स म्हणाला. म्हणाला, आईला सलाम सांग, काम त्यांच्यामुळेच झालं. पुढेमागे जेवायला येईन म्हणाला. काय काम, अम्मी? व्हॉट डिड यू डू?"

"मराठीत बोल. इंग्लिशमधला राग मला कळत नाही."

"काय केलंस तू?"

"आई करते ते केलं."

"फहद, लीव्ह इट," झारा म्हणाली. "यू हॅव टू गो."

"नाही, सांगू दे तिला. देवस्थळी अंकलचा फोटो त्याने काढला ना? कॅफेटेरियात? त्याला कसं कळलं कॅफेटेरिया कुठला? मला माहीत होता. वासिफला माहीत होता. तुला माहीत होता. बाबांना पण नव्हता माहीत."

भाकरी फुगली. मरियमबींनी ती उतरवली नाही.

"त्याने विचारलं. मी सांगितलं."

"असंच?"

"असंच कसं? तुझं नाव घेतलं त्याने. आधी तुझं नाव घेतलं, मग विचारलं."

"अंकल माझा अर्ज लिहीत होते, अम्मी! त्यांनी त्यांचे दिवस दिले मला. ते म्हणाले होते, उत्तर येईल."

"कधी येईल म्हणाले होते?"

फहदने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला.

"कधी, सांग ना. ज्योतिषी नाही म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात पंचविसावं पूर्ण होतंय तुझं. मग तू कुठे गेला असतास? गावी? त्या गावी, जिथे तुला मच्छर चावले म्हणून पाचव्या दिवशी रडला होतास? जिथला हवालदार म्हणतो तुझ्या नावाचा दुसरा कुणी आहे? मी तुला तिथे पाठवायचं होतं का, एका भल्या माणसाचा रविवार वाचवायला?"

"तू मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय बोलला असतास?"

"अम्मी, ही लॉस्ट हिज पासपोर्ट. त्यांचा घेतला आणि मला दिला. यू डोन्ट सी इट?"

"बघितलंय! मीच बघितलंय, तू कोण मला दाखवणारा!" मरियमबींचा आवाज पहिल्यांदाच फाटला. भाकरी जळायला लागली होती; झाराने पुढे होऊन गॅस बंद केला. "ते खुर्चीत बसले होते तिथे. मला तोंडावर विचारलं, कुणी आलं होतं का. मी नाही म्हणाले. चहा पाजून नाही म्हणाले. माझं काय व्हायचं ते वरती होईल. ठीक आहे, मी वाईट. आता तुझं सांग."

"माझं काय?"

"तुला नकोय ना असला पासपोर्ट? मग परत दे. जा. मेडिकलला जाऊ नकोस, तिकडे जा आणि काउंटरवर ठेव. सांग, माझ्या अम्मीने हा असा मिळवलाय, मला नको. मी अडवत नाही. तुझ्या बाबांना मी सांगते काय झालं ते सगळं, आजच सांगते. जा, देऊन ये. देतोस?"

फहदने घड्याळ बघितलं. मग दाराशी जाऊन बूट घातले. नाडी बांधायला वाकला तेव्हा शर्टाच्या खिशातून पासपोर्ट अर्धा बाहेर घसरला; त्याने तळव्याने तो आत दाबला आणि नाडीची गाठ पुरी केली.

"बोल ना," मरियमबी म्हणाल्या. पिठाचे हात तसेच, पुढे धरलेले. "फहद. देतोस का परत?"

त्याने बॅग खांद्याला लावली, दार उघडलं, आणि गेला.